समासातल्या ओळी

अपग्रेड पार पडलं होतं. मशीन एकदा बंद होऊन पुन्हा उभं राहिलं होतं, सगळ्या सेवा जागच्या जागी सुरू झाल्या होत्या, आणि मी खुर्चीत मागे रेलून मान मोकळी करत होते. रात्रीचे साडेअकरा वाजून गेले असतील. खोलीत फक्त पंख्यांची एकसुरी घरघर. दिवसा ती ऐकूही येत नाही, रात्री मात्र सगळी खोली व्यापून राहते. डेबियन या लिनक्स सिस्टीमच्या १२ व्या आवृत्तीवरून १३ व्या, म्हणजे बुकवर्मवरून ट्रिक्सी. सगळं नीट बसलंय ना, हे शेवटचं बघावं म्हणून मी ‘ॲप्ट अपडेट’ चालवलं (ॲप्ट म्हणजे डेबियनवर सॉफ्टवेअर आणून देणारा प्रोग्रॅम), तर सगळ्यात खाली एक साधी सूचना आली: काही सोर्सेस, म्हणजे सॉफ्टवेअर कुठून आणायचं ते पत्ते, नव्या पद्धतीत नेता येतील, त्यासाठी ‘ॲप्ट मॉडर्नाइझ-सोर्सेस’ चालवा. ही चूक नव्हती की धोक्याचा इशाराही नव्हता. ओळीच्या सुरुवातीला नुसता ‘एन’ होता, नोटीसचा. म्हटलं, बसलेच आहे तर हातासरशी हेही उरकून टाकू.

कमांड चालवली. कुठल्या फाइली बदलायच्या त्यांची यादी आली, जुन्या फाइली शेवटी ‘.बॅक’ लावून जपून ठेवल्या जातील असं आश्वासन आलं, आणि नुसतं बघायचं असेल, काही बदलायचं नसेल, तर ‘एन’ दाबा असंही होतं. हे सगळं मी दुसऱ्या दिवशी नीट वाचलं. त्या रात्री डोळे फक्त शेवटच्या प्रश्नावर गेले आणि बोट एंटरवर. पापणी लवायच्या आत काम झालं. सोर्सेस.लिस्ट नावाची फाइल आता त्या जागी नव्हतीच; तिच्याऐवजी शेजारच्या फोल्डरमध्ये डेबियन.सोर्सेस अवतरली होती. उघडून पाहिली. स्वच्छ, नेटकी, प्रत्येक गोष्टीला तिचं नाव दिलेलं. दोन छोटे परिच्छेद, मध्ये एक कोरी ओळ. बघून समाधान वाटलं. मशीनमधून बाहेर पडले, दिवे घालवले, जिना उतरायला लागले. अर्ध्या जिन्यावर लक्षात आलं की त्या फाइलमध्ये सरांचं अक्षर नव्हतं.

अक्षर म्हणजे काय, टर्मिनलमध्ये सगळ्यांचं अक्षर सारखंच. पण त्या फाइलमधल्या कॉमेंट, म्हणजे मशीन सोडून देतं अशा माणसांसाठीच्या ओळी, सरांच्या होत्या, रोमन अक्षरांत लिहिलेल्या मराठी ओळी, आणि त्यांतला प्रत्येक शब्द मला सरांच्याच आवाजात ऐकू यायचा.

सर म्हणजे माझ्याआधी हे मशीन सांभाळणारे माझे ज्येष्ठ सहकारी. मी त्यांच्या हाताखाली काम शिकले. बुकवर्मचं अपग्रेड त्यांनी केलेलं शेवटचं. त्यानंतर ते निवृत्त झाले. दुसऱ्या दिवशी सकाळी सगळ्यात आधी मी ती ‘.बॅक’ची फाइल उघडली. अडतीस ओळी होत्या. त्यांतल्या खऱ्या, मशीनने वाचायच्या ओळी सहा. बाकी बत्तीस ओळी पाउंडच्या चिन्हामागे (#) उभ्या, माणसांसाठी ठेवलेल्या किंवा बंद करून ठेवलेल्या. सगळ्यात वरची तर माणसानेही लिहिलेली नव्हती, इन्स्टॉलरने लिहून बंद केलेली होती: ‘डेब सीडीरॉम’, पुढे चौकटी कंसात डेबियन ९, स्ट्रेच, एएमडी६४, नेटइन्स्ट आणि ती डिस्क बनवल्याची तारीख-वेळ. डेबियन ज्यांनी हाताने बसवलंय त्यांना ही ओळ माहीत असते. मशीन पहिल्यांदा कुठल्या डिस्कवरून बसवलं त्याची ती नोंद. नंतर ती कधीच कामाला येत नाही आणि कोणी ती पुसतही नाही. या मशीनचा जन्मदाखलाच तो. स्ट्रेचवर जन्मलेलं मशीन बस्टर, बुल्सआय, बुकवर्म असं करत ट्रिक्सीपर्यंत आलं होतं, एकदाही पुसून नव्याने न बसवता.

आणि त्याखाली सरांच्या नोंदी. दर अपग्रेडला एक.

‘१० केलं. दोन तास. मेलच्या फाइलचं विचारलं, आपली ठेवली.’ ‘११ केलं. सिक्युरिटीची ओळ बदललीय, नुसतं नाव बदलून चालत नाही!’ ‘१२ केलं. नॉन-फ्री-फर्मवेअर हा नवीन विभाग. नेटवर्क कार्डाला लागतो, विसरू नका.’ त्यापुढे प्रत्येक ठिकाणी तारीख. बस, इतकंच. पण ज्याने हे काम केलंय त्याला या तीन ओळींत तीन अख्ख्या रात्री दिसतील. मेलच्या फाइलचं विचारलं, म्हणजे सॉफ्टवेअरची पॅकेजं प्रत्यक्ष बसवणारं डीपीकेजी मधेच थांबून प्रश्न करतं, की ही फाइल तुम्ही बदललेली दिसते, पॅकेज बनवणाऱ्याची नवी घेऊ की तुमची ठेवू. त्या क्षणी घाईत चुकीचं अक्षर दाबलं की सकाळी कोणाचीही मेल येत नाही. सर अशा वेळी कीबोर्डवरून हात काढून मांडीवर ठेवायचे आणि प्रश्न दोनदा वाचायचे. मोठ्याने. मग उत्तर द्यायचे.

दुसऱ्या नोंदीतलं ते उद्गारचिन्ह मला चांगलं आठवतं, कारण त्या रात्री मी शेजारी बसले होते. जुन्या एका ओळीच्या पद्धतीत अपग्रेड म्हणजे मुळात नाव बदलणं. ‘डेब’, मग पत्ता, मग आवृत्तीचं नाव, मग मेन, कॉन्ट्रिब, नॉन-फ्री असे विभाग, सगळं एका ओळीत, एका दमात. मजकुरात शोधून बदल करणारी एक सेड कमांड लिहायची, बस्टरच्या जागी बुल्सआय, की फाइलभर नवं नाव. बरीच वर्षं हे बिनबोभाट चाललं. मग २०२१ मध्ये बुल्सआय आलं आणि सुरक्षा अपडेटच्या शाखेच्या नावाची घडणच बदलली. आधी ती ‘बस्टर/अपडेट्स’ अशी तिरक्या रेघेने लिहायची, आता ‘बुल्सआय-सिक्युरिटी’ झाली. सेडने आपलं काम चोख केलं आणि ‘बुल्सआय/अपडेट्स’ असं अस्तित्वातच नसलेलं नाव तयार करून ठेवलं. ॲप्टने ४०४ फेकला, म्हणजे या पत्त्यावर काही सापडलं नाही. मी घाबरले, कारण मला वाटलं नेटवर्क गेलं. सर हसले नाहीत, ओरडले नाहीत. त्यांनी पडद्यावरची ओळ बोटाने शब्द-शब्द करत वाचली, प्रत्येक शब्दापाशी थांबून, आणि तिरक्या रेघेपाशी बोट थांबलं. पुढे मी तेच करायला शिकले. अडलं की बोट ठेवून वाचायचं.

ती एका ओळीची लय माझ्या अंगात इतकी भिनली आहे की नवी फाइल पहिल्यांदा वाचताना ठेच लागल्यासारखं झालं. आता पहिल्या ओळीत टाइप्स, दुसरीत यूआरआयज, तिसरीत सूट्स, मग कंपोनंट्स, मग साइन्ड-बाय. प्रत्येकापुढे विसर्गासारखी दोन टिंबं आणि मग मजकूर. पूर्वी मुख्य शाखेला एक ओळ, अपडेट्सला दुसरी, आणि कोड हवा असेल तर त्या दोन्हींच्या डेब-एसआरसीच्या आणखी दोन, अशी ओळींची रांग लागायची, प्रत्येकीत तोच पत्ता पुन्हा पुन्हा. आता सूट्सपुढे ‘ट्रिक्सी ट्रिक्सी-अपडेट्स’ आणि टाइप्सपुढे ‘डेब डेब-एसआरसी’ असं शेजारी-शेजारी लिहिलं की चारही ओळी एका परिच्छेदात मावतात. सिक्युरिटीचा पत्ता वेगळा, म्हणून तिचा परिच्छेद वेगळा. माझ्या सहा ओळींचे असे दोन परिच्छेद झाले होते. वाचायला सोपं आहे, यात वाद नाही. पण जुनी ओळ मी फोनवर कोणालाही सांगू शकत होते. नवी सांगायची म्हणजे कागद-पेन घ्यायला लावावं लागतं.

या पद्धतीला डेब८२२ म्हणतात. नवी म्हणून आलेली ही पद्धत जुन्या ओळीपेक्षा कितीतरी म्हातारी आहे, हे मला त्या दिवसांत पुन्हा आठवलं आणि बरं वाटलं. ८२२ हा आकडा आरएफसी ८२२ या इंटरनेटच्या मानकाचा, १९८२ सालच्या. ईमेलची वरची पट्टी कशी लिहायची ते त्यात ठरवलं होतं: फ्रॉम, टू, सब्जेक्ट, प्रत्येकापुढे दोन टिंबं आणि मजकूर, आणि ओळ लांबली तर पुढची ओळ थोडी जागा सोडून सुरू करायची. डेबियन १९९३ मध्ये सुरू झालं. प्रत्येक पॅकेजची माहिती त्यात याच थाटात लिहिलेली असते: पॅकेज, व्हर्जन, डिपेंड्स. मशीनमध्ये काय-काय बसवलंय त्याची डीपीकेजीची स्टेटस फाइल उघडा, हजारो परिच्छेद, सगळे याच घडणीचे. म्हणजे अख्खं घर एका पद्धतीने लिहीत होतं आणि एकटी सोर्सेस.लिस्ट एका ओळीत बोलत होती. ॲप्टला डेब८२२ ची भाषा १.१ या आवृत्तीपासून, २०१५ पासूनच समजते. दहा वर्षं दोन्ही पद्धती शेजारी-शेजारी नांदल्या, आणि २०२५ मध्ये ॲप्ट ३.० ने जुनीला हळूच सांगितलं की आता तूही ये.

फेडोरा या दुसऱ्या लिनक्सच्या बाजूची माणसं हे ऐकून म्हणतात, आमच्याकडे तर हे कधीचंच आहे. खरंच आहे. त्यांच्या ‘.रेपो’ फाइलींत चौकटी कंसात नाव, खाली पत्ता, एनेबल्ड शून्य की एक, जीपीजीचेक शून्य की एक, हे पहिल्यापासून वेगवेगळ्या ओळींवर आहे. मी काही वर्षं दोन्हीकडे काम केलंय. तिथे मला कोणाच्याही फाइलमध्ये सरांसारख्या नोंदी दिसल्या नाहीत. कदाचित जिथे प्रत्येक गोष्टीला कप्पा असतो तिथे समासात लिहायची सवय लागत नसेल. कदाचित मला तसे लोक भेटले नसतील.

हा बदल कशासाठी, हे मला मनापासून पटलेलं आहे. जुन्या पद्धतीत रेपो, म्हणजे जिथून सॉफ्टवेअर येतं तो साठा, बंद करायचा म्हणजे ओळीपुढे पाउंडचं चिन्ह टाकायचं. आणि माणसाला काही सांगायचं असेल तरी तेच चिन्ह. आता एखाद्या प्रोग्रॅमला ही फाइल वाचायची असेल, तर पाउंडनंतरचं ‘डेब’ हे बंद केलेल्या रेपोचं आहे की कोणीतरी वाक्यात वापरलेलं, हे त्याने कसं ओळखावं? ते अंदाज करतात. वर चौकटी कंसात आर्किटेक्चर, साइन्ड-बाय असं भरत गेलं की ओळ पडद्याच्या कडेबाहेर जाते आणि एखादी जागा चुकून सुटली की अर्थ बदलतो. नव्या पद्धतीत बंद म्हणजे ‘एनेबल्ड: नो’. स्पष्ट. परिच्छेद तिथेच राहतो, वाचताही येतो, आणि मशीनला कळतं की हा झोपवून ठेवलाय. कॉमेंटही लिहिता येते, ओळीच्या सुरुवातीला पाउंड टाकून. मग माझ्या फाइलमधल्या कॉमेंट गेल्या कुठे? उत्तर सरळ आहे. बदल करणारी कमांड फाइलची नक्कल करत नाही. फाइल वाचून तिला जे कळलं तेवढंच ती नव्याने लिहिते. पाउंडच्या मागचं तिला वाचायचंच नसतं. तिच्या लेखी त्या बत्तीस ओळी म्हणजे कोरा कागद.

खरं तर त्या बत्तीस ओळींत या बदलाची निम्मी कारणं लिहिलेली होती.

बुकवर्मवर असताना दर वेळी ॲप्ट चालवलं की एक इशारा यायचा: अमुक रेपोची की, म्हणजे त्याची सही तपासायची किल्ली, जुन्या ट्रस्टेड.जीपीजी किल्ल्यांच्या जुडग्यात ठेवली आहे. ज्यांनी बाहेरचे रेपो जोडले होते त्या सगळ्यांनी तो पाहिलाय आणि बहुतेकांनी महिनोन्महिने तसाच वर सरकू दिलाय. मीही. एका रविवारी मी तो जुडगा उघडून बसले. अकरा किल्ल्या. प्रत्येकीपुढे चाळीस अंक-अक्षरांची ती लांबलचक खूण, चार-चारच्या गटांत. दोन मुदत संपलेल्या. एक अशा सॉफ्टवेअरची, जे तीन वर्षांपूर्वीच काढून टाकलं होतं. एकीचं नाव वाचून मला काहीच आठवेना. आणि या अकराही किल्ल्यांना एकसारखा अधिकार होता. आठवतंय ना, आपण सगळे काय करायचो? कुठल्याही सॉफ्टवेअरच्या सूचनांत पहिली ओळ असायची: किल्ली उतरवा आणि ‘ॲप्ट-की ॲड’ला द्या. आपण चिकटवायचो आणि पुढे जायचो. त्या एका ओळीने आपण त्या अनोळखी माणसाला काय दिलं, हे तेव्हा उमगलं नव्हतं.

ते नीट समजून घेतलं तेव्हा अंगावर काटा आला. ॲप्टचा विश्वास साखळीने चालतो. रेपोत सगळ्यात वर एक इनरिलीज फाइल असते, तिच्यावर सही असते. त्या फाइलमध्ये पॅकेजांच्या याद्यांचे हॅश, म्हणजे मजकुरावरून काढलेले ठसे, असतात, त्या याद्यांत प्रत्येक पॅकेजचा हॅश. म्हणून फाइल कुठल्याही मिररवरून, म्हणजे रेपोची नक्कल ठेवणाऱ्या सर्व्हरवरून, आली, साध्या एचटीटीपीवरून आली, तरी वाटेत कोणी एक अक्षर बदललं की साखळी तुटते आणि ॲप्ट नकार देतं. सुंदर रचना आहे ही. तिचं सगळं वजन एका सहीवर पेललेलं आहे. आणि जुडगा सामाईक असला की प्रश्न ‘ही सही योग्य माणसाची आहे का’ असा राहत नाही, ‘या अकरांपैकी कोणाचीही आहे का’ असा होतो. तीन वर्षांपूर्वी काढून टाकलेल्या त्या सॉफ्टवेअरची की कोणाच्या हाती लागली असती, आणि त्याला माझ्या नेटवर्कच्या मध्ये उभं राहता आलं असतं, तर खुद्द डेबियनच्या नावाने त्याची सही माझ्या मशीनने मान्य केली असती. साइन्ड-बाय हा शब्द हे दार बंद करतो. या रेपोसाठी ही की, दुसरी कुठलीही नाही. हवं तर की तिथेच फाइलमध्ये उतरवता येते, प्रत्येक ओळीआधी एक जागा सोडून, आणि कीमधली कोरी ओळ दाखवायला एक जागा आणि एक टिंब. ते एक टिंब विसरलं की परिच्छेद तिथेच तुटतो आणि ॲप्ट फाइल वाचायलाच नकार देतं. एकदा चाळीस मिनिटं त्या टिंबात गेली आहेत. पण त्या रविवारी अकराच्या अकरा किल्ल्या वेगळ्या करून, ज्यांचं काम होतं त्या चारच ठेवून, प्रत्येकीला तिच्या-तिच्या रेपोच्या नावाशी बांधून उठले, तेव्हा खोलीतली हवा बदलल्यासारखी वाटली.

म्हणून त्या कमांडवर माझा राग नव्हता. राग माझ्या बोटावर होता, आणि त्याहून जास्त रुखरुख एका ओळीची.

जुन्या फाइलच्या तळाशी, बाकी सगळ्यांपासून दोन कोऱ्या ओळी सोडून, सरांनी लिहिलं होतं: ‘खालची ओळ उघडू नका. का ते मला विचारा.’ आणि खाली पाउंड टाकून बंद केलेली एक ओळ, बाहेरच्या एका रेपोची. इतकी वर्षं मी ती दर वेळी वाचली आणि उघडली नाही. विचारलंही नाही. सर शेजारच्या खुर्चीत होते, कधीही विचारता आलं असतं. आता नव्या फाइलमध्ये ना ती ओळ होती, ना तिच्यावरचा इशारा. माझ्यानंतर येणाऱ्याला कळणारही नाही की इथे कधी काही बंद करून ठेवलं होतं. तीन-चार दिवस ते डोक्यातून जाईना. शेवटी सरांना फोन केला.

“अजून आहे ती ओळ?” सरांनी पहिल्यांदा हेच विचारलं. आवाज तसाच, जरा हळू झालेला. मी म्हटलं, परवापर्यंत होती, सर. ते थोडा वेळ गप्प होते. मग सांगायला लागले. मशीन नवं असताना एका डेटाबेससाठी तो रेपो जोडला होता. डेटाबेस हवा होता तेवढाच, पण रेपोमध्ये त्याच्यासोबत एका मूळ लायब्ररीचीही त्यांनी बांधलेली प्रत होती, आणि तिचा आवृत्ती-क्रमांक डेबियनच्या प्रतीपेक्षा मोठा होता. ॲप्टला कोण मोठं हे क्रमांकावरून कळतं, कोण कोणाचं आहे यावरून नाही. एका नेहमीच्या अपडेटमध्ये त्याने ती लायब्ररी बदलली. तिच्यावर मशीनमधलं निम्मं सॉफ्टवेअर टेकलेलं. “रात्रभर एकेक पॅकेज क्रमांक देऊन मागे आणलं. पहाटे पाच वाजता लॉगिन झालं,” सर म्हणाले. मी विचारलं, आता साइन्ड-बाय आहे, त्याने हे थांबलं असतं का? त्यांनी लगेच उत्तर दिलं नाही. मग म्हणाले, “नाही गं. सही त्यांचीच होती, खरी होती. सही खरी असली म्हणजे घरातल्या सगळ्या वस्तू बदलायची मुभा असं नाही. त्याला पिनिंग लागतं. प्रेफरन्सेसमध्ये लिहून ठेवायचं, की या रेपोतून एवढं एकच घ्यायचं. तेव्हा मला ते माहीत नव्हतं.”

मग मी माझा खरा प्रश्न विचारला. रेपो नकोच होता तर ओळ पुसून का नाही टाकली, बंद करून का ठेवली?

“पुसली असती तर वर्षभरात कोणीतरी पुन्हा घातली असती,” सर म्हणाले. “तोच डेटाबेस लागला असता, त्याच सूचना सापडल्या असत्या. मोकळ्या जागेला कोणी विचारत नाही, की इथे आधी काय होतं. ओळ दिसली की माणूस थांबतो. तू थांबलीस ना एवढी वर्षं?”

थांबले होते. पण विचारलं नव्हतं. हे मी त्यांना सांगितलं, तर ते म्हणाले, चूक माझीच, कारण तिथेच लिहायला हवं होतं. ‘मला विचारा’ असं लिहिणारा माणूस आपण कायम त्याच खुर्चीत असू असं धरून चालतो. हे बोलताना त्यांच्या आवाजात खंत नव्हती. एखादी दुरुस्ती सांगावी तसं सांगितलं. नंतर बराच वेळ आम्ही इकडचं-तिकडचं बोललो. ट्रिक्सीला किती वेळ लागला, कुठल्या फाइलचं विचारलं. फोन ठेवताना त्यांनी विचारलं, “त्या सीडीरॉमच्या ओळीवरची तारीख वाचून दाखव गं एकदा.” मी वाचून दाखवली. पलीकडे शांतता. मग ‘हं’ एवढंच.

डेबियनवर बेतलेलं उबुंटू २४.०४ नव्याने बसवलेल्या मशीनवर जुनी सोर्सेस.लिस्ट उघडली की आत फक्त एक सूचना असते, की सोर्सेस आता दुसऱ्या फाइलमध्ये गेले आहेत, आणि तिचा पत्ता. घर बदललेल्या लोकांनी जुन्या दारावर चिठ्ठी लावावी तशी. मला ती चिठ्ठी आवडते. ती न वाचता लोक सवयीने तिथेच जुन्या ओळी पुन्हा घालतात आणि मग एकच रेपो दोनदा नोंदवलाय म्हणून ॲप्टची कुरकुर सुरू होते, ही गोष्ट वेगळी. पण कोणीतरी विचार केला होता, की जुन्या पत्त्यावर येणारा माणूस येणारच, त्याच्यासाठी निदान एक ओळ हवी. माझ्या मशीनवर तशी चिठ्ठी नव्हती. ‘.बॅक’ फाइल होती खरी. पण सोर्सेस.लिस्ट.डी या फोल्डरमध्ये अनोळखी शेपटीची फाइल ठेवली तर ॲप्ट निदान सांगतं, की हिच्याकडे मी बघत नाही. ‘.बॅक’ असेल तर तेवढंही नाही. चुपचाप पुढे जातं. अशा फाइली कधीतरी कोणीतरी साफसफाईत काढून टाकतं. मीच टाकल्या आहेत, दुसऱ्यांच्या मशीनवरच्या, आत न बघता. आता त्यांची आठवण येते.

शनिवारी दुपारी मी मशीनवर पुन्हा बसले. एका बाजूला जुनी फाइल, दुसऱ्या बाजूला नवी. सगळंच्या सगळं उचलून नव्या फाइलमध्ये ओतायचं नव्हतं. बत्तीसपैकी बऱ्याच ओळी इन्स्टॉलरच्या ठोकळेबाज सूचना होत्या, काही नुसत्याच रिकाम्या पाउंडच्या, त्या गेल्या तर जाऊ देत. सीडीरॉमची ओळ मी जशीच्या तशी सगळ्यात वर आणली. सरांच्या तीन नोंदी त्याखाली, त्यांच्याच शब्दांत, उद्गारचिन्हासकट. त्यांचं स्पेलिंगही बदललं नाही. टाइप करताना जाणवलं की आजवर मी त्या फक्त वाचल्या होत्या. माझ्या बोटांनी त्या पहिल्यांदाच लिहिल्या जात होत्या. ‘मेलच्या फाइलचं विचारलं’ इथे आल्यावर मी नकळत कीबोर्डवरून हात काढले आणि ओळ पुन्हा एकदा वाचली.

मग त्या बंद रेपोसाठी वेगळी फाइल केली. टाइप्स, यूआरआयज, सूट्स, कंपोनंट्स, सगळं जुन्या ओळीतून बोट ठेवून उतरवलं. ‘एनेबल्ड: नो’. वर पाउंड टाकून चार ओळी लिहिल्या: हा रेपो मूळ लायब्ररी बदलतो, क्रमांक मोठा असल्यामुळे डेबियनची प्रत मागे पडते, लागलाच तर आधी प्रेफरन्सेसमध्ये पिन करा आणि फक्त डेटाबेस घ्या. ‘मला विचारा’ लिहिलं नाही. ‘ॲप्ट अपडेट’ चालवलं. हिट, हिट, हिट अशा ओळी वर सरकत गेल्या, शेवटी काही कुरकुर नाही, कुठलाही ‘एन’ नाही.

डेबियन.सोर्सेस पुन्हा उघडली. सरांच्या तिसऱ्या नोंदीखाली कर्सर नेला, पाउंड टाकला आणि लिहिलं: ‘१३ केलं. तीन तास. एसएसएचच्या फाइलचं विचारलं, आपली ठेवली. फाइल नव्या पद्धतीत नेली, वरच्या ओळी जुन्यातून हाताने आणल्या आहेत.’ त्यापुढे तारीख.